‘पुलाच्या अलीकडे’ म्हणजे कुणाच्या अलीकडे? संकटात फोनवर आपली जागा सांगताना

रात्रीचे साडेअकरा झाले असतील. वळणावळणाच्या रस्त्यावर आमच्या पुढची मोटारसायकल घसरली आणि चालवणारा मुलगा कडेच्या चरात जाऊन पडला. फोन मीच लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "नेमके कुठे आहात?" मी म्हणालो, "पुलाच्या थोडं अलीकडे." मला त्यात काहीच खटकलं नाही. मी ज्या बाजूने येत होतो, त्या बाजूने पूल अजून पुढे होता, म्हणजे मी अलीकडेच. पण रुग्णवाहिका आली समोरच्या दिशेने. तिच्या चालकाच्या लेखी पुलाची अलीकडची बाजू म्हणजे नदीचा दुसरा काठ. वीसेक मिनिटं तो तिथे चरात टॉर्च मारत हिंडत होता आणि आम्हाला पाण्यापलीकडे त्याचा फिरता दिवा दिसत होता. हाका ऐकू जात नव्हत्या. शेवटी पुन्हा फोन केला, तेव्हा उलगडा झाला.

चूक चालकाची नव्हती, फोनवरच्या बाईंचीही नव्हती. मी माझ्या डोळ्यांसमोरचं वर्णन करत होतो आणि त्यांच्या समोर होता नकाशा. त्यानंतर मी हा विषय जरा मनावर घेतला. जे कळलं ते पहिल्यांदाच असा फोन करण्याची वेळ येऊ शकणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

पहिलं वाक्य जागेचं

घाबरलेल्या माणसाचं पहिलं वाक्य बहुधा असं असतं: "लवकर या, इथे फार मोठा अपघात झालाय!" यातलं ‘इथे’ फक्त बोलणाऱ्याला दिसतं. पुढच्याच क्षणी फोन तुटला, तर ऐकणाऱ्याच्या हाती अपघात उरतो, जागा उरत नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी जागा, मग फोन नंबर, मग काय झालं, मग किती जण. जागा कळून फोन तुटला तरी गाडी निघू शकते. बाकी सगळं कळलं आणि जागाच राहिली, तर गाडी कुठे पाठवणार?

नंबर दुसऱ्या क्रमांकावर का, तर फोन तुटल्यावर त्यांना उलट फोन करता यावा म्हणून. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोलत असाल तर त्याचा नंबर त्याला आधीच विचारून ठेवा. फोन कानाला लावलेला असताना "अरे, तुझा नंबर काय?" हा संवाद फार वेळ खातो.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. "त्यांना आपलं लोकेशन आपोआप दिसतं" असं अनेक जण धरून चालतात. ते अर्धं खरं आहे. ॲडव्हान्स्ड मोबाइल लोकेशन नावाची सोय २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदा वापरात आली. आपत्कालीन नंबर लावला की फोन स्वतःची जागा शोधतो आणि परस्पर नियंत्रण कक्षाला कळवतो. अँड्रॉइड फोनमध्ये अशी सोय २०१६ पासून आणि आयफोनमध्ये २०१८ पासून आहे. पण फोनमध्ये असून भागत नाही, त्या देशाच्या यंत्रणेनेही ती स्वीकारलेली असावी लागते. नसेल तर त्यांच्या हाती फक्त तुम्ही कोणत्या टॉवरला जोडले गेला आहात एवढीच माहिती येते, आणि मोकळ्या मुलखात एकेका टॉवरचा पल्ला कित्येक किलोमीटर असतो. तेव्हा त्यांच्या पडद्यावर काय दिसत असेल याचा विचार करत बसू नका. तोंडाने सांगा. पडद्यावरच्याशी जुळलं तर छानच. नाही जुळलं तर ते पुन्हा विचारतील, आणि त्या विचारण्यातच चूक पकडली जाते.

आणखी एक. फोन उचलणारा माणूस तुमच्या गावातला असेलच असं नाही. तो शंभर किलोमीटरवरच्या शहरात बसलेला असू शकतो. "तो मोठा चौक नाही का" हे त्याच्यासाठी काहीच नाही.

मोठ्याकडून लहानाकडे

म्हणून सांगताना वरून खाली उतरत या. आधी जिल्हा किंवा शहर, मग गाव किंवा भाग, मग रस्त्याचं नाव, मग जवळची ठळक खूण, आणि शेवटी त्या खुणेपासून कोणत्या दिशेला किती अंतरावर. एकाच नावाची गावं एकाच जिल्ह्यातसुद्धा दोन-दोन सापडतात, आणि मोठ्या माणसांची नावं दिलेले रस्ते तर प्रत्येक शहरात असतात. नुसतं रस्त्याचं नाव सांगितलं तर गाडी भलत्याच शहरातल्या त्याच नावाच्या रस्त्याकडे वळू शकते.

इमारतीत असाल तर मजला सांगा, पण मजल्याच्या आकड्यावर फार विसंबू नका. काही देशांत जमिनीलगतच्या मजल्यालाच पहिला मजला म्हणतात. "रस्त्यावरून चढून दोन जिने" हे कुणालाही कळतं. कोणतं फाटक उघडं आहे, लिफ्ट चालू आहे का, स्ट्रेचर जिन्याच्या वळणातून निघेल का, हेही जागेतच येतं.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. तुम्ही जिथे आहात ती जागा वेगळी आणि तिथे पोचायची वाट वेगळी. ब्रिटनमधल्या आपत्कालीन सेवा मोठ्या दुर्घटनेची खबर देताना इंग्रजी ‘मेथेन’ शब्दातली अक्षरं धरून बोलतात. त्यात नेमक्या जागेला एक अक्षर आहे आणि तिथवर जाण्याच्या मार्गाला दुसरं. याचं कारण डोंगरात लगेच समजतं. नकाशावर तुम्ही डांबरी रस्त्यापासून २०० मीटरवर असता, पण मधे सरळसोट कडा असतो आणि वर येणारी पायवाट भलत्याच गावातून सुरू होते. नकाशाचा बिंदू गाडीला कड्याच्या तळाशी नेऊन उभी करतो. तुम्ही कुठून चढलात, गाडी कुठे लावलीत, वाटेत फाटे किती लागले, हे सांगितलं तर त्यांना तुमच्या मागोमाग येता येतं.

अलीकडे, पलीकडे, समोर, जवळच

आता माझ्या त्या पुलाकडे येऊ. आपल्या भाषेत जागा सांगण्याचे जे शब्द रोजच्या बोलण्यात सर्वांत सोयीचे आहेत, तेच अशा वेळी सर्वांत दगा देतात. अलीकडे, पलीकडे, पुढे, मागे, समोर, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. यातला प्रत्येक शब्द बोलणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेवर अवलंबून आहे आणि फोनमधून तुमचं तोंड कुठे आहे ते दिसत नाही. त्यातून ‘खाली’ म्हणजे कुणासाठी दरीकडे, कुणासाठी दक्षिणेकडे, तर कुणासाठी गावाच्या उताराकडचा भाग.

उपाय सोपा आहे. या शब्दांना एखाद्या ठरलेल्या गोष्टीशी बांधून टाका. "पुलाच्या अलीकडे" असं म्हणू नका. "अमुक गावाकडून तमुक गावाकडे जाताना, पूल लागायच्या आधी, साधारण ३०० मीटर, रस्त्याच्या डाव्या अंगाला" असं म्हणा. वाक्य लांबतं खरं, पण आता ते कोणत्याही बाजूने येणाऱ्याला एकच जागा दाखवतं.

नदीच्या बाबतीत तर ठरलेला संकेतच आहे. पाणी ज्या दिशेने वाहतं तिकडे तोंड करून उभं राहायचं, डाव्या हाताला येतो तो डावा काठ आणि उजव्या हाताला येतो तो उजवा. तुम्ही कुठून आलात याने काही फरक पडत नाही. तरी फोनवर बोलताना "पाणी वाहतं त्या दिशेला तोंड केलं तर डावा काठ" असं पूर्णच सांगा. समोरच्याला संकेत माहीत असेल हे गृहीत कशाला धरायचं?

दिशा माहीत नसेल तर बेधडक ‘उत्तर’ ठोकून देऊ नका. फोनमध्ये होकायंत्र असतं, पण लोखंड, मोटार, चुंबक लावलेलं फोनचं कव्हर यांच्या जवळ ते बहकतं. सकाळचा सूर्य ढोबळमानाने पूर्वेला, संध्याकाळचा पश्चिमेला, एवढा आधार पुष्कळ होतो. "संध्याकाळ आहे, सूर्य माझ्या पाठीशी आहे, दरी समोर आहे" एवढ्यावरून नकाशा बघणारा माणूस डोंगराची कोणती बाजू ते ओळखतो.

अंतराच्या बाबतीत ‘जवळच’ आणि ‘पाच मिनिटांवर’ हे दोन शब्द टाळाच. पाच मिनिटं चालत की गाडीने? चालत म्हटलं तर तीन-चारशे मीटर, गाडीने म्हटलं तर पाच किलोमीटर. मिनिटांतच सांगायचं असेल तर कशाने ते सांगा.

खांबावरचे आणि दगडांवरचे आकडे

इकडे लोकांचं लक्ष कमी जातं, आणि मला विचाराल तर रस्त्यावरच्या माणसासाठी याहून भरवशाचं काही नाही. आपल्या आजूबाजूला असंख्य वस्तूंवर नंबर घातलेले असतात आणि ते कुणाच्या तरी नोंदवहीत असतात. हमरस्त्यावर किलोमीटरचे दगड. रेल्वेलगत किलोमीटरचे खांब, पुलांचे आणि फाटकांचे नंबर. विजेच्या खांबांवर आणि मनोऱ्यांवर रंगवलेले आकडे. पवनचक्क्यांच्या बुंध्यावर, लिफ्टच्या आत, बर्फातल्या रोपवेच्या खांबांवर, जंगलातल्या पायवाटांच्या पाट्यांवर. ब्रिटनच्या मोटरवेवर दर ५०० मीटरला एक पाटी असते. तिच्यावर रस्त्याचा क्रमांक, रस्त्याची कोणती बाजू ते सांगणारं अक्षर आणि अंतर असतं. ती वाचून दाखवली की काम झालं.

दुभाजक असलेल्या रस्त्यावर दगडाच्या आकड्याबरोबर तुम्ही कोणत्या दिशेच्या मार्गिकेवर आहात ते सांगितलंच पाहिजे. ‘किलोमीटर ४७’ दोन्ही बाजूंना असतो. उलट्या मार्गिकेवर आलेल्या गाडीला वळायला पुढचा फाटा दहा किलोमीटरवर असू शकतो. धावत्या रेल्वेत असाल तर गाडीचा नंबर, डब्याचा नंबर, नुकतंच गेलेलं स्टेशन आणि पुढचं स्टेशन.

आकडा दिसत नसेल तर बरोबरच्या एखाद्याला पळवा. जखमीजवळ चार जण घोळका करून उभे असतात, त्यातल्या एकाला दगड शोधायला लावलं तर त्याच्याही हातांना काम मिळतं. अंधारात दगडाच्या दोन्ही बाजू बघायला सांगा, कारण एकीकडे एका गावाचं अंतर असतं आणि दुसरीकडे दुसऱ्या.

अक्षांश-रेखांश

डोंगर, जंगल, माळरान, पाणी, जिथे रस्ता नाही आणि दगडही नाही, तिथे हेच. आधी एक दिलाशाची गोष्ट. फोनमधलं जीपीएस उपग्रहांकडून फक्त ऐकतं, त्यांना काही पाठवत नाही. त्यामुळे मोबाइलची रेंज नसली, इंटरनेट नसलं, तरी ते चालतं. नकाशाचं चित्र कोरं दिसेल, पण निळा ठिपका आणि आकडे मिळतील. रेंज नसताना फोनला उपग्रह सापडायला जास्त वेळ लागतो, तेव्हा आकाश मोकळं दिसेल अशा जागी एक-दोन मिनिटं धीर धरा. उघड्यावर साध्या स्मार्टफोनची अचूकता पाचेक मीटरच्या घरात असते. कड्याखाली, दाट झाडीत, उंच इमारतींमध्ये ती बिघडते. ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ दिसतं, ते जेवढं मोठं तेवढी शंका मोठी. वर्तुळ अवाढव्य असेल तर तसं सांगूनच आकडे द्या.

गुगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की आकडे दिसतात. ठिपक्यावरच दाबा. शेजारी बोट पडलं तर शेजारच्या जागेचे आकडे मिळतात आणि घाईत ते लक्षात येत नाही. आयफोनच्या कंपास ॲपमध्ये ते तळाशी दिसतात.

आणि इथेच खरी मेख आहे. हे आकडे लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत. गुगल मॅप्स दशांशात दाखवतं: २७.३०४५. आयफोनचा कंपास अंश-मिनिटं-सेकंदांत दाखवतो: २७ अंश ३० मिनिटं ४५ सेकंद. जहाजांवर आणि अनेक बचाव पथकांत अंश आणि दशांश मिनिटं चालतात: २७ अंश ३०.४५ मिनिटं. तिन्हीकडे आकडे तेच, २७, ३०, ४५. जागा मात्र तीन. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून दशांशातला ३० आणि मिनिटांतला ३० यांचा काही संबंध नाही. पहिली आणि तिसरी जागा एकमेकींपासून जवळजवळ साडेबावीस किलोमीटरवर आहे. दुसरी आणि तिसरी साडेपाचशे मीटरवर, म्हणजे एवढी जवळ की चूक झाली आहे हे कुणाला वाटणारही नाही, आणि एवढी लांब की झाडीत माणूस सापडणार नाही.

म्हणून ‘अंश’, ‘मिनिटं’, ‘सेकंद’, ‘पॉइंट’ हे शब्द गाळू नका. पडद्यावर जे चिन्ह आहे ते प्रत्येक बोलून दाखवा. स्वतः रूपांतर करू नका, ते काम समोरच्याकडे सोडा. अक्षांश आधी, रेखांश नंतर. उत्तर की दक्षिण, पूर्व की पश्चिम, हेही म्हणा.

किती आकडे वाचायचे? एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशानंतर चौथा आकडा ११ मीटरचा, पाचवा एक मीटरचा. फोन सहा-सात आकडे दाखवतो, ते सगळे वाचायची हौस नको. पाचव्यावर थांबा. जास्त आकडे म्हणजे जास्त चुका.

आता मराठी माणसाची खास अडचण. आपल्या संख्यांची नावं आवाज खरखरत असताना एकमेकींत मिसळतात. बावन्न आणि ब्याण्णव. सत्तावन्न आणि सत्त्याण्णव. अठ्ठावन्न आणि अठ्ठ्याण्णव. एकोणसाठ म्हणजे एकोणसाठ की एकोणसत्तर, हा गोंधळ तर समोरासमोर बसूनही होतो. मराठी दुसऱ्या भाषेसारखी शिकलेला माणूस ‘एकोण’ ऐकला की मनात वजाबाकी करायला लागतो. दीड, अडीच, पाऊण, सव्वा हे घरच्या बोलण्यात गोड, इथे नको. एकेक आकडा सुटा म्हणा: पाच, नऊ. सुट्यांतही ‘सात’ आणि ‘आठ’ वाऱ्यात सारखेच वाटतात, तेव्हा त्या दोघांवर जरा थांबा.

अक्षरं सांगायची वेळ आली, गाडीचा नंबर किंवा एखादा कोड, तर बी, डी, पी, टी, व्ही हे सगळे फोनवर एकाच आईची लेकरं वाटतात. विमानवाहतुकीत यासाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा अशी २६ शब्दांची माळ १९५६ पासून आजच्या रूपात वापरात आहे. येत असेल तर उत्तम. नसेल तर ‘डी फॉर डॉग, टी फॉर टायगर’ चालतं. ऐनवेळी डेल्टा आठवत बसण्यापेक्षा डॉग बरा.

तीन शब्द आणि कोड

व्हॉट थ्री वर्ड्स नावाची पद्धत सगळ्या पृथ्वीचे तीन मीटर बाय तीन मीटरचे चौकोन पाडते आणि प्रत्येकाला तीन शब्दांचं नाव देते. आकड्यांपेक्षा शब्द सांगणं सोपं, म्हणून ती लोकप्रिय झाली. पण सारखे वाटणारे शब्द, एकवचन-अनेकवचनाचा फरक, उच्चार यांत घोटाळा होतो. इंग्लंड आणि वेल्समधल्या डोंगर बचाव पथकांनी २०२१ मध्ये अशा चुकीच्या पत्त्यांची यादीच पुढे केली होती. वापरायचंच असेल तर प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग सांगा, आणि सोबत गाव आणि खूण द्या, म्हणजे शब्द भलत्या खंडात घेऊन गेले तर लगेच कळेल. एका भाषेतल्या शब्दांचं भाषांतर दुसऱ्या भाषेत करून सांगू नका. प्रत्येक भाषेची यादी स्वतंत्र आहे.

अक्षरं आणि आकडे मिळून जागेचा पत्ता देणारा गुगलचा प्लस कोड मला जास्त पटतो. त्यात दिसायला सारखी अक्षरं मुद्दाम वगळली आहेत आणि स्वर तर मुळीच नाहीत. दहा चिन्हांचा पूर्ण कोड साधारण १४ मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो. मात्र समोरच्या कक्षात हे दोन्ही चालतात का, ते विचारूनच सुरुवात करा. कागदी नकाशावरचा ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावर छापलेल्या चौकटींचे आकडे, देत असाल तर आधी आडवं वाचन, मग उभं. सहा आकडी संदर्भ १०० मीटरच्या चौकोनाचा, आठ आकडी १० मीटरच्या.

एक फोन

असा फोन कसा होतो, ते बघा.

"आपत्कालीन सेवा. कुठून बोलताय?"

सांगणारा जिल्हा आणि गाव सांगतो, मग: "गावाच्या उत्तरेला धरण आहे. धरणाच्या भिंतीपासून डोंगरावर जाणारी पायवाट. तिने दोनेक किलोमीटर चढून आलोय. माझा नंबर लिहून घ्या." नंबर.

"काय झालंय?"

"मैत्रीण पडली. उजवा घोटा मोडलाय असं वाटतं. शुद्धीवर आहे, बोलतेय. आम्ही दोघंच आहोत."

"अक्षांश-रेखांश देता येतील?"

"हो. दशांशात आहेत. आधी अक्षांश. उत्तर. दोन, सात. पॉइंट. पाच, शून्य, सात, पाच."

"उत्तर. दोन, आठ, पॉइंट, पाच, शून्य…"

"थांबा, चूक. दुसरा आकडा सात. सहाच्या पुढचा सात."

"दोन, सात. पॉइंट. पाच, शून्य, सात, पाच."

"बरोबर. आता रेखांश."

त्या एका ‘थांबा’ची किंमत १११ किलोमीटर. समोरचा परत म्हणून दाखवत असताना "हो हो" म्हणत राहू नका, पडद्याकडे बघत एकेक आकडा जुळवा. तो आपणहून म्हणून दाखवत नसेल तर "एकदा वाचून दाखवता का?" असं विचारा. यात संकोच कसला?

आणखी एक गोष्ट. सांगणाऱ्याने जागा दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी दिली, आधी गाव-धरण-पायवाट, मग आकडे. त्यामुळे आकड्यात चूक राहिली असती तरी नकाशावरचा बिंदू धरणाजवळ पडला नसता आणि ऐकणाऱ्याला शंका आली असती.

कुठे आहोत तेच कळत नसेल तर

तसं स्पष्ट सांगा. अंदाजाला ठामपणाचा रंग देऊ नका. "बहुतेक आम्ही सुळक्याच्या खाली असू" हे ‘आहोत’ म्हणून सांगितलं, तर शोध तिथेच अडकतो. जे डोळ्यांनी पाहिलं ते वेगळं आणि जे वाटतं ते वेगळं, असे दोन गठ्ठे करून सांगा.

मग शेवटची खात्रीची जागा: किती वाजता, कुठे होतात. तिथून कोणत्या बाजूला निघालात, चढत होतात की उतरत, मधे थांबलात किती. ओढा ओलांडला का? उजव्या हाताला दरी होती की डोंगर? वेळ, चाल आणि दिशा एवढ्यावर शोधणारे बराचसा मुलूख वगळू शकतात. ऐकू येणाऱ्या गोष्टीही सांगा. रेल्वेची शिट्टी, धबधबा, मंदिराची घंटा किंवा अजान, हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज. आणि दिसणाऱ्याही: विजेच्या तारा कोणत्या दिशेने जातात, रात्री कुठे दिवे दिसतात. दिवे लांब आणि खाली असतील तर तेही.

पाण्यावर

समुद्रात व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६. ‘मेडे’ ही संकटाची हाक तीनदा, बोटीचं नाव तीनदा, मग पुन्हा ‘मेडे’ आणि नाव, आणि त्यानंतर लगेच जागा. इथेही जागा संकटाच्या वर्णनाआधी येते, हे लक्षात घ्या. अक्षांश-रेखांश नसतील तर एखाद्या ओळखीच्या खुणेपासून दिशा आणि अंतर: "दीपगृहापासून नैर्ऋत्येला तीन सागरी मैल." दिशा नेहमी खुणेकडून तुमच्याकडे. तुम्हाला दीपगृह जिकडे दिसतं ती दिशा सांगितलीत तर बरोबर उलट बाजूला बोट जाईल. सागरी मैल १८५२ मीटरचा, म्हणजे नुसतं ‘तीन मैल’ म्हणू नका.

फोन चालू असताना आणि नंतर

"ठेवू का?" असं विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. अनेक ठिकाणी तुम्ही बोलत असतानाच दुसरा माणूस गाडी रवाना करत असतो. प्रश्न विचारले जातात म्हणून मदत थांबलेली नसते.

फोनवर तुमच्या कंपनीची रेंज दिसत नसली तरी आपत्कालीन नंबर लावून बघा. ११२ सारखा नंबर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागतो. बोलणं तुटत असेल तर संदेश पाठवा. जिथे आपत्कालीन सेवेला एसएमएस करता येत नाही, तिथे एका विश्वासू माणसाला आकडे आणि वर्णन लिहून पाठवा आणि फोन त्याला लावायला सांगा. अर्ध्या मिनिटाच्या रेंजमध्येही एसएमएस निघून जातो. बॅटरी वाचवायची म्हणून फोन बंद करायचा असेल तर "दर तासाला, तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं चालू करीन" असं ठरवून घ्या.

एका माणसाला रस्त्यावर किंवा वाटेच्या फाट्यावर उभं करा. गाडीचे दिवे लुकलुकते ठेवा. शिट्टी असेल तर आल्प्समधला जुना संकेत बहुतेक डोंगरांत ओळखीचा आहे: मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. ओळखलं गेल्याचं उत्तर मिनिटात तीनचं येतं. रात्री हेच टॉर्चने करता येतं. हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर तिरपे पसरून इंग्रजी ‘वाय’सारखे उभे राहा, म्हणजे ‘हो, मदत हवी’. नुसता हात हलवला तर टाटा केल्यासारखा दिसतो.

आणि जागा दिल्यावर ती जागा सोडू नका. दरड कोसळतेय, पाणी चढतंय, अशा कारणाने सोडावीच लागली तर निघण्याआधी फोन करा आणि कुठे जाताय ते सांगा. फोन लागत नसेल तर दगडाखाली चिठ्ठी ठेवा: किती जण, किती वाजता निघालो, कोणत्या बाजूला. स्वतःच खाली पोचलात, कुणी गाडीत घालून दवाखान्यात नेलं, तरी त्याच नंबरवर परत फोन करून कळवा. नाहीतर चार माणसं रात्रभर टॉर्च घेऊन तुम्ही सांगितलेल्या पाचव्या दशांशावर तुम्हाला शोधत राहतात.